पुडीवर पत्ता सक्तीचा, मग जाहिरातीवर का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचं चटणीचं दुकान आहे. बाहेरगावचे लोक तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, आम्ही चटणीच म्हणतो. सासूबाईंनी घरच्या सोप्यात सुरू केलेला धंदा, दुकानाला नावही त्यांचंच. ते नाव इथं लिहीत नाही, नाहीतर तुम्हीच म्हणाल की पत्राच्या आडून फुकटची जाहिरात केली.

गेल्या वैशाखात घाटकोपरहून एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. माहेर आमच्याच गल्लीतलं, वय ६८. "वहिनी, यंदा चटणीला काय झालं ओ? रंग नुसता भडक, रश्श्याला चवच येत नाही." मी म्हटलं, यंदा तुमची ऑर्डरच आली नाही. त्या ऐकेनात. शेवटी नातीकडून पुडीचा फोटो मागवला, तर पुडी भलत्याचीच. बाईंनी मोबाईलवर आमच्या दुकानाचं नाव टाकलं, सगळ्यात वर जे आलं त्यावर बोट ठेवलं आणि पैसे भरले. वर आलेली ती जाहिरात होती. मथळा काय, तर 'कोल्हापूरची अस्सल घरगुती चटणी'. विकणारा कोण, ते मथळ्यात कुठंच नाही. बाजूला 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात होतं म्हणे. ते बघायला त्या चष्मा शोधत बसणार होत्या का?

यातली मेख मला मुलानं समजावली. सर्च इंजिनवर जाहिरात देणारा हवा तो शब्द 'कीवर्ड' म्हणून निवडतो आणि त्यासाठी किती मोजायची तयारी आहे ते सांगतो. कुणी तो शब्द शोधला की त्याच क्षणी लिलाव होतो, आणि जाहिरातीवर बोट पडलं की पैसे कापले जातात. तो शब्द म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाचं नाव असलं तरी चालतं. मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा रवे समोर असतात, शेतकरी शेजारी उभा असतो. इथं आमच्या सासूबाईंचं नाव सौद्याला लागत होतं आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

उपाय म्हणून मुलानं आमच्याच नावावर बोली लावली. महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास गेले. जे गिऱ्हाईक आम्हालाच शोधत आलंय, ते आमच्याच दारात यावं म्हणून हा खर्च! दोन महिन्यांनी मी ते बंद करायला लावलं. तेवढ्यात एका कांडपाचं खोबरं आलं असतं.

नाव आम्ही ट्रेडमार्क म्हणून रीतसर नोंदवलेलं आहे. मसाल्यांचा वर्ग ३०, लहान धंद्याला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची, पुढे वाढवता येते. 'कोल्हापुरी' या शब्दावर आम्ही हक्क सांगितलेला नाही. गावाचं नाव एकट्याच्या मालकीचं नसतं, आणि ते बरोबरच आहे. आमचा आग्रह फक्त सासूबाईंच्या नावाचा. ते नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून सर्च कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं ते असं, की जाहिरातीच्या मजकुरात तुमचं नाव असेल तर बघू, कीवर्डमध्ये आम्ही पडत नाही. मजकुरात आमचं नाव नव्हतंच. जाहिरात देणारा तेवढा हुशार आहे.

मग वकिलांकडे गेलो. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाचे २०२३ मधले दोन निकाल समजावून सांगितले. ऑगस्टमधला 'अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' या नावावरून झालेल्या दाव्यातला. न्यायालय म्हणालं की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणं हा कायद्याच्या भाषेत 'वापर'च आहे, आणि गुगल त्यात नुसता मध्यस्थ नाही, सक्रिय भागीदार आहे. ट्रेडमार्कचा भंग झाला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराबद्दल मध्यस्थाला जबाबदार न धरण्याची सवलत, गुगलला मिळणार नाही. हे ऐकून मी खूश झाले होते. पण पुढचं वाक्य असं की, नुसता कीवर्ड वापरला म्हणून भंग होत नाही, ग्राहकाचा गोंधळ उडतो का ते बघावं लागतं. डिसेंबरमध्ये 'मेकमायट्रिप' विरुद्ध 'बुकिंग डॉट कॉम' या प्रवासाचं बुकिंग करणाऱ्या कंपन्यांच्या प्रकरणात तेच धरून निकाल गेला. दोन्ही नावं प्रसिद्ध, लोकांना फरक कळतो, म्हणून भंग नाही.

खरं सांगू, मला हे पटतं. शेजारच्यानं स्वतःच्या नावाची पाटी लावून माझ्या दारासमोर दुकान थाटलं तर मी कशाला भांडू? पण बुकिंग डॉट कॉमवर गेलेल्या माणसाला आपण कुठं आलोय ते कळतं. घाटकोपरच्या बाईंना रश्शाची चव घेईपर्यंत कळलं नव्हतं. याला गोंधळ नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? जाहिरातीशेजारच्या तीन टिंबांवर दाबलं की जाहिरातदाराचं नाव दिसतं, हेही मुलानंच दाखवलं. पण टिंबांवर दाबून चटणी घेणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

दोनशे ग्रॅमच्या पुडीवर मला काय काय छापावं लागतं बघा. आमचं नाव, पूर्ण पत्ता, वजन, तारीख, किंमत, घटक आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर. नाही छापलं तर दंड. पुडी विकणाऱ्या जाहिरातीला मात्र मथळ्यात विकणाऱ्याचं नाव लागत नाही. केंद्र सरकारनं एवढा एकच नियम करावा. दुसऱ्याच्या नोंदलेल्या नावावर जाहिरात दाखवायची असेल, तर पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरात, विकणाऱ्याचं स्वतःचं नाव आणि गाव हवं. कीवर्ड खुशाल विका.

गावातल्या दुकानदारांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण मलाही ती माहीत नव्हती. असला दावा लावायला दिल्ली-मुंबई गाठावी लागत नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे नोंदणीकृत नावाचा मालक जिथं राहतो किंवा धंदा करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात सुरू झालंय. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चपलेसारखी चप्पल मिलानच्या रॅम्पवर दिसली तेव्हा अख्खं गाव पेटून उठलं, मीही त्यात होते. एकेका दुकानाच्या नावासाठी कुणी मोर्चा काढणार नाही, आपला कागद आपणच नोंदवून ठेवलेला बरा.

घाटकोपरच्या बाईंना मी दोन किलो चटणी पाठवली. त्यांनी ती दुसरी पुडी कुरिअरनं माझ्याकडे पाठवून दिली आणि मी ती वकिलांकडे ठेवलीय. जाहिरातीनं लपवलेलं नाव-गाव पुडीच्या मागं कायद्याप्रमाणे छापलेलं आहे. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं नाही. आमची नोटीस त्याच पत्त्यावर गेली आहे.

एक चटणीवाली, मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे)