पहिला आला त्याचा फोटो, वारा खाल्ला त्याचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात क्रीडा पानावर आपल्या सायकलिंगच्या पोरांची बातमी वाचली, बरं वाटलं, क्रिकेट सोडून सोलापुरात अजून काही चालतं हे छापून आलं हेच खूप. पण बातमीत काय, तर पहिल्या तिघांची नावं, हार घातलेला फोटो आणि मग पाहुण्यांची यादी, ती पोरांच्या यादीपेक्षा लांब. बाकीची टीम कुठं गेली? म्हणून हे पत्र.

रोड रेस टीव्हीवर बघितली की वाटतं शंभर-दीडशे जण आपापल्या जिवावर पळतायत. तसं नसतंय ते. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याचा खरा दुश्मन वारा, आणि पुढच्याच्या चाकाला चाक लावून चाललं की मागच्याची तिसरा हिस्सा तरी ताकद वाचते. मग टीम काय करते, जिंकायला एकाला राखून ठेवते आणि बाकीचे त्याच्यापुढं वारा खातात, मागं टीमच्या गाडीपाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात, त्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देतात. यांना डोमेस्टिक म्हणतात. प्रो सायकलिंगमधे बहुतेकांचं अख्खं करिअर यातच जातं, एक-दोन वर्षांची काँट्रॅक्ट, स्वतःच्या नावावर एखादी रेस आली तर आली.

मार्क कॅव्हेंडिशचं नाव तुमच्या वाचकांनी ऐकलं असेल. आइल ऑफ मॅन बेटावरचा पोरगा, सायकलिंगसाठी पैसे साठवायला आधी बँकेत नोकरी केली. टूर द फ्रान्स म्हणजे सायकलिंगची सगळ्यात मोठी रेस, तीन आठवडे चालते, रोजच्या टप्प्याला स्टेज म्हणतात. त्यात २००८ ते २०१६ मधे ३० स्टेज जिंकला, मग अंगातली ताकदच काढून घेणाऱ्या एपस्टाइन-बार व्हायरसनं धरलं आणि गडी खाली आला तो आलाच. २०२० च्या ऑक्टोबरात एका रेसनंतर कॅमेऱ्यासमोर रडला, म्हणला ही बहुतेक शेवटचीच. पुढच्या वर्षी जुन्या टीमनं परत घेतलं, टूरला तर त्याचं नावच नव्हतं, सॅम बेनेटचा गुडघा दुखावला म्हणून ऐनवेळी गेला, आणि चार स्टेज जिंकून, सगळ्यात जास्त पॉइंटवाल्याला मिळते ती हिरवी जर्सी घेऊन आला. बेल्जियमचा जुना चॅम्पियन एडी मर्क्सच्या ३४ स्टेजच्या रेकॉर्डला तिथंच गाठलं, आणि ३ जुलै २०२४ ला, वयाच्या ३९ व्या वर्षी, ३५ वी मारून ते मोडलं. हे सगळं छापून येतं, यायलाच पाहिजे.

पण २०२१ च्या त्याच टूरमधे त्याच्याच टीमचा टिम डेक्लर्क म्हणून एक बेल्जियमचा उंच गडी होता, त्याला ट्रॅक्टर म्हणतात. याचं काम एकच, पुढं पळालेल्यांना फार लांब जाऊ द्यायचं नाही, म्हणून तासन्‌तास सगळ्यांच्या पुढं राहून वारा खायचा. शेवटच्या किलोमीटरला तो कधी दिसायचा नाही, कारण तोवर त्याचं संपलेलं असायचं. डोंगराच्या स्टेजला टाइम लिमिट असतं, कॅव्हेंडिशला चढ झेपायचे नाहीत, तर टीममधले त्याच्यासोबत मागं राहून त्याला वेळेत आणायचे. आणि पॅरिसला फायनल यादी लागली तेव्हा हा डेक्लर्क १४१ वा, म्हणजे सगळ्यात शेवटी. कार्कासोनच्या स्टेजला मायकल मोर्कोवनं कॅव्हेंडिशला लाइनपर्यंत आणून सोडलं आणि स्वतः दुसरा आला. त्या टीममधे कोण म्हणल का की डेक्लर्क शेवटचा आला, काढा त्याला? उलट बक्षिसाचे पैसे सगळ्यांत वाटायची तिकडं रीतच आहे.

आता आपल्याकडं या. माझा पुतण्या रेसिंग करतो. पहाटे हायवेला प्रॅक्टिस, उसाच्या सीझनमधे ही पोरं वाऱ्यापासून वाचायला डबल ट्रॉलीच्या मागं चिकटून चालतात, ट्रॉलीला ना लाइट ना रिफ्लेक्टर, वरून ऊस सरकला तर काय होईल ते बोलवत नाही. (यावर वेगळी बातमी करा खरं तर.) राज्य पातळीच्या रेसला कोचनं त्याला सांगितलं, तू ओढायचं. यानं अर्ध्याहून जास्त रेस पुढं राहून ओढली, तोंडाला फेस आला, आणि टीममधला दुसरा पोरगा मेडल घेऊन आला. छान झालं, दोघं दोस्तच आहेत. पण पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी पेपर काढायला गेलो तर खिडकीवरच्या साहेबांनी रिझल्टवर बोट ठेवलं, हा तर लई मागं आला की, पहिल्या तिघांतलं सर्टिफिकेट आणा. त्यांना तरी काय बोलणार, जीआर तसा.

कबड्डीत रेडर एकटा जाऊन पॉइंट आणतो, सर्टिफिकेट मात्र बेंचवरच्यासकट अख्ख्या टीमला मिळतं, आणि मिळावंच. टीम टाइम ट्रायल, म्हणजे अख्खी टीम मिळून घड्याळाशी पळते ती रेस, सोडली तर रोड सायकलिंगमधे हे नाही. त्यामुळं होतं काय, पोरं हुशार झालीत, कोचनं ओढ म्हणलं की मान हलवतात आणि रेसमधे मागं लपून बसतात, प्रत्येकाला आपला नंबर पाहिजे. पुढं ओढणारा कोणी नाही म्हणून अख्खा घोळका रमतगमत चालतो. २०२६ च्या जानेवारीत पुण्यात पुणे ग्रँड टूर झाली, परदेशी टीम कशा रांगेनं चालतात ते आपल्या पोरांनी जवळून बघितलं, पण इथं तसं ओढून त्यांना मिळणार काय?

नियम बदलणं तुमच्या हातात नाही, माहितेय. जिल्ह्याच्या टीमला मेडल आलं तर ओढणाऱ्यांनाही तसा दाखला द्यावा, कोचच्या सहीनं, ही मागणी तेवढी लावून धरा. आणि तुमच्या हातात आहे ते एक, बातमीत जिंकणाऱ्यासोबत त्याच्या टीमचीही नावं छापा. कोण किती वेळ पुढं होता हे कोच लगेच सांगतो, विचारायला पाहिजे फक्त. रेस उजाडायला सुटते आणि बक्षीस समारंभ दहाला असतो, तर वार्ताहराला उजाडायला पाठवा, कोणाच्यातरी बाइकवर मागं बसवायची सोय आम्ही करतो.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर