आई-बाबा, मी आता विभागप्रमुख नाही

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

हे फोनवर सांगायचं नव्हतं. फोनवर आई अर्ध्यातच "म्हणजे नोकरी गेली का?" म्हणून विचारते, बाबा मागून "काय म्हणतेय, काय म्हणतेय" करतात, आणि मग एकच गोष्ट दोघांना दोन तऱ्हांनी सांगावी लागते. म्हणून पत्र. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, पण मधल्या ओळी गाळू नका. तुम्ही गाळता, मला माहीत आहे.

तर नोकरी आहे. पगार वेळेवर होतोय. मी मात्र आता विभागप्रमुख नाही. आमचे दोन विभाग एकत्र केले, दोघांना मिळून एकच प्रमुख ठेवायचा ठरला आणि तो पलीकडच्या विभागाचा झाला. या महिन्यापासून मी 'वरिष्ठ समन्वयक', म्हणजे प्रमुख होण्याआधी जिथे होते साधारण तिथेच. पत्रावर सही करून झाली आहे. त्यामुळे "पुन्हा एकदा शांतपणे विचार कर" हे वाक्य तेवढं बोलू नका.

बाबा, तुमच्या डोक्यात आता काय सुरू झालं असेल ते इथे बसून कळतंय. बडतर्फी, सेवेतून काढणे, पदावनती. हे तिन्ही शब्द तुम्ही एका दमात म्हणायचात, घटनेच्या ३११ व्या कलमात ते तसे एका रांगेतच आहेत. तुमच्या आस्थापना शाखेत पदावनत म्हटलं की आधी दोषारोपपत्र, मग चौकशी, मग सेवापुस्तकात नोंद. इथे त्यातलं काही झालेलं नाही. मेमो नाही, ठपका नाही, कोणी काही विचारलेलंही नाही. ते कलम सरकारी नोकरांसाठी, खासगी कंपनीला ते लागू नाही हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि रेल्वेतल्या त्या धिंग्रांचा खटलाही तुम्हीच सांगितला होतात, १९५७ चा, सर्वोच्च न्यायालयाचा. वरच्या पदावर हक्क नसलेल्या माणसाला मूळ पदावर परत पाठवलं तर ती आपोआप शिक्षा होत नाही. पण त्यापायी पगाराला किंवा ज्येष्ठतेला दंडासारखी कात्री लागली तर ती शिक्षाच. आता तुम्ही लगेच म्हणणार, "पगार कमी झालाय ना? मग दुसरी कसोटी बघ." बघितली. शिक्षा नाही. पण मनाला लागलंच नाही असंही म्हणत नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

तो खटला तुम्हाला इतका तोंडपाठ का होता, हे मला फार उशिरा कळलं. तुमचं पद गेलं तेव्हा उतरलेल्या त्या नावाच्या पाटीबद्दल आपल्या घरात कधी कोणी बोललं नाही, आजही बोलायचं नाही. एवढंच लिहिते की त्या वर्षी जूनमध्ये तुम्ही माझ्या सगळ्या वह्यांना कव्हरं घातली होती. एरवी ते काम आईचं. तुम्ही पट्टी लावून कागद दुमडलात, कोपरे नखाने दाबलेत आणि प्रत्येक वहीवर माझं नाव लिहिलंत, टाइप केल्यासारखं. वर्गात सगळ्यांत नीट वह्या माझ्या होत्या. मला वाटलं होतं, बाबांना हल्ली वेळ मिळतो, किती छान.

आता पैशाचं. आई, हे तुझ्यासाठी. पगार साधारण दहावा हिस्सा कमी झालाय. तुमच्या खात्यावर दर महिन्याला येते ती रक्कम तीच राहील, त्याच तारखेला. सकाळच्या मदतनीस बाई तशाच येतील. "आता मला बरं वाटतंय, त्यांना काढून टाकूया" असं तू म्हणशील म्हणून मी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलंय. तू सांगितलंस तरी त्या जाणार नाहीत.

विम्याचं मी सगळ्यात आधी विचारलं. आमच्याकडे आई-वडिलांचा आरोग्यविमा पदाच्या श्रेणीवर ठरतो, आणि पद खाली आलं की तोही गुपचूप खाली येतो हे कोणी आपणहून सांगत नाही. मी विचारलं, आणि तुमचं संरक्षण आहे तेवढंच राहील असं लेखी घेतलं. बाबांच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यामुळे ठरल्याप्रमाणेच होणार. "पुढच्या वर्षी बघू" चालणार नाही.

बाबा, ग्रॅच्युइटीचं तुम्ही विचाराल त्याआधी सांगते. कायद्याप्रमाणे ती शेवटच्या पगारावर मोजतात: मुख्यतः मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याचे १५ भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. म्हणजे आज मूळ पगार खाली आला की मागे केलेली सगळी वर्षंसुद्धा स्वस्त होतात. पीएफही मूळ पगारावरच. त्यामुळे मी पदासाठी भांडले नाही, यासाठी भांडले. मूळ पगाराला हात लावायचा नाही, काय कापायचं ते भत्त्यांतून कापा, असं म्हटलं. मनुष्यबळ विभागातली मुलगी दोन दिवसांनी "चालेल" म्हणाली. तुमची लेक आहे, एवढं येतंच.

आता तो भाग, जो तुम्ही आईला वाचून दाखवताना गाळाल. पद तेच ठेवून दुसऱ्या शहरातल्या शाखेत जायचाही पर्याय होता. मी नाही म्हटलं. ते तुमच्यामुळे नाही. पोरीचं दहावीचं वर्ष आहे, यांची नोकरी इथली आहे, ती शाखा आज आहे आणि उद्या असेलच असं नाही, आणि मला स्वतःलाही तिथे जायचं नव्हतं. नुकसानभरपाई घेऊन बाहेर पडायचंही सुचवलं होतं, पण या वयात नवीन दारं ठोठावायची तर हातात नोकरी असलेली बरी. ही सगळी कारणं खरी आहेत. तुमच्यापासून रात्रीत पोचता येईल इतक्या अंतरावर राहणं हेही त्यांत आहे, नाही म्हणत नाही, पण ते एकटं नाही आणि पहिलंही नाही. आई, "आमच्यापायी पोरीने पद सोडलं" असं म्हणत देवासमोर बसलीस तर मी खरंच रागावेन.

ऑफिसात कसं आहे विचाराल, तर विचित्र आहे, वाईट नाही. रजेच्या अर्जाचं उदाहरण देते. आतापर्यंत माझ्या स्क्रीनवर दोन बटणं असायची, मंजूर आणि नामंजूर. आता एकच आहे, 'विनंती पाठवा'. परवा बाबांच्या तपासणीसाठी रजा टाकताना मी त्या दुसऱ्या बटणाला शोधत बसले होते. अर्ज गेला तो ज्या मुलाकडे, त्याची मुलाखत मीच घेतली होती. तो लगबगीने माझ्या टेबलापाशी आला, उभ्यानेच विचारलं, "मॅडम, मंजूर करू ना?" मी म्हटलं, "अरे, तू मला विचारतोस?" दोघंही हसलो. त्याला माझ्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं होतंय, बिचाऱ्याला. मी त्याला आता नावाने हाक मारायची की 'सर' म्हणायचं, यावर अजून निकाल लागलेला नाही.

काही जण मला प्लूटो म्हणायला लागलेत, प्रेमानेच. आई, तुझी आठवण आली. २००६ मध्ये प्राग इथल्या सभेत खगोलशास्त्रज्ञांनी त्याला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह केलं, तेव्हा तू वर्गातला तक्ता बदलायला वर्षभर तयार नव्हतीस. "तो बिचारा तिथेच फिरतोय ना?" म्हणायचीस.

बाबा मला सचिनचं सांगतील. जानेवारी १९९८ मध्ये कर्णधारपद गेलं आणि त्याच वर्षी एकदिवसीय सामन्यांत ९ शतकं, १८९४ धावा. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "बरं झालं, आता खेळेल." बाबा, माझी नऊ शतकं होणार नाहीत. मला फक्त सहाला घरी यायचंय आणि रविवारी फोन बंद ठेवायचाय. तेवढं आत्ताच जमायला लागलंय.

आता मुख्य सांगायचं ते. आत्याला, काकांना, समोरच्यांना, कोणी विचारलं तर खरं सांगा. आई, लग्नकार्यात तू "आमची विभागप्रमुख" म्हणून ओळख करून देतेस. आता नुसतं "आमची मुलगी" म्हण. "तिनेच कमी जबाबदारी मागून घेतली" असलं काही रचू नकोस. रचलेलं लक्षात ठेवावं लागतं, आणि पुढच्या वेळी मला सांगायला विसरशील. बाबा, तुम्ही कोणालाही फोन करायचा नाही. तुमच्या ओळखीचे ते जे कोणी संचालक आहेत त्यांना तर मुळीच नाही. आणि मुदत ठेव मोडून मला पैसे पाठवलेत तर मी ते परत पाठवीन, मग दोघांच्याही बँकेचे हेलपाटे.

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हे ठरलं होतं. मागच्या आठवड्यात चालवलीत, मला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नका आणि आईकडे बघू नका. शेजारच्या सीटवर बसा, रस्ता सांगा, ओरडा, सगळं चालेल. मला जमतंय तर तुम्हालाही जमेल.

आई, रक्तदाबाचे आकडे रोज सकाळी पाठव, "नॉर्मल आहे" असं नको, आकडे. बाबा, कानाचं यंत्र डबीत ठेवून ऐकू येत नाही. बाथरूममधली धरायची दांडी पुढच्या शनिवारी मी येऊन बसवून घेते, तोवर पाट नको, खुर्ची घ्या.

तब्येतीला जपा. पोरगी दोघांनाही नमस्कार सांगतेय.

तुमची,
चिमी

ता.क. बाबा, नव्या नेमणुकीच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. सही झाली असली तरी आस्थापना शाखेच्या नजरेने एकदा वाचा. चौथ्या परिच्छेदात 'वेळोवेळी होणारे बदल बंधनकारक राहतील' असं एक वाक्य घातलंय, ते मला आवडलेलं नाही. त्यांना काय लिहून विचारायचं याचा मसुदा तुम्ही करून द्या. पेन्सिलीने लिहिलात तरी चालेल, मी इथे टाइप करून घेईन.