तक्त्यात बटणांचाही रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरची तुलना करणारा तक्ता आला होता. किंमत, साठवणीची जागा किती जीबी, बॅटरी किती तास, वजन किती ग्रॅम, सगळे नीट मांडलेले. मी तो आईला मोठ्याने वाचून दाखवला. आई ८४ वर्षांची आहे. काचबिंदूने तिची दृष्टी गेली आणि आता दिवसातले चार-पाच तास ती इअरफोन लावून असते. सगळे ऐकून तिने एवढेच विचारले, "बंद करून परत लावलं की होतं तिथूनच लागणारं यातलं कुठलं?" आपल्या तक्त्यात त्याचे उत्तर नव्हते.

२००७ साली माझ्या भावाने अमेरिकेहून येताना तिच्यासाठी अ‍ॅपल कंपनीचा आयपॉड शफल आणला. ७९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे तीन-साडेतीन हजार रुपये. १ जीबी, काडेपेटीहून लहान, मागे चिमटा. पडदा नाहीच. मधे एक गोल बटण आणि भोवती कडे. वर दाबले की आवाज मोठा, खाली दाबले की लहान, उजवीकडे पुढचे, डावीकडे मागचे. आई अर्ध्या दिवसात शिकली. पदराला लावून ती मेथी निवडत बसायची आणि कानात माझ्या मामांचे, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचे कीर्तन चाललेले असायचे. मामांच्या जुन्या कॅसेट आम्ही उतरवून घेतल्या होत्या. २०१८ च्या पावसाळ्यात लुगड्याबरोबर शफलही भिजवणाच्या बादलीत गेला. दुसरा घ्यायला गेले तेव्हा कळले की कंपनीने २०१७ मध्येच तो बनवणे बंद केले होते.

म्हणून मला जीबीच्या रकान्याचे फार कौतुक वाटत नाही. २००१ मध्ये पहिला आयपॉड ५ जीबीचा होता आणि ३९९ डॉलरला होता. तेव्हा जागाच महाग होती, आज ती कवडीमोल झाली आहे. नेहमीच्या गाण्याच्या दर्जाची, म्हणजे १२८ केबीपीएसची एमपीथ्री फाइल मिनिटाला साधारण १ एमबी घेते, म्हणजे १ जीबीत सोळा-सतरा तास सहज बसतात. नुसते बोलणे ६४ केबीपीएसने उतरवले तर त्याच्या दुप्पट. मामांची सगळी कीर्तने आणि आईच्या भजनी मंडळाची काकड आरती मिळून २ जीबीसुद्धा भरले नाहीत. मग ६४ जीबीसाठी जास्त पैसे का मोजायचे?

महागडे प्लेअर वाईट असे मी म्हणत नाही. सोनीचा वॉकमन ए१०५ जानेवारी २०२० मध्ये आपल्याकडे २३,९९० रुपयांना आला. ज्याला तानपुऱ्याची आस कानात भरून हवी, त्याने तो जरूर घ्यावा. पण त्यावर गाणे शोधायचे ते काचेवर बोट फिरवून. आईच्या बोटाला काच ही नुसती काच लागते. मोबाइलचेही तेच. सारेगामाचा कारवाँ २०१७ मध्ये आला, पाच हजार गाणी आणि किंमत सहा हजारांच्या घरात. म्हाताऱ्या माणसांना तो आवडतो तो त्याच्या ठसठशीत बटणांमुळे, आणि त्याला पेनड्राइव्हही लावता येतो. मात्र तो टेबलावर ठेवायचा, पदराला लावायचा नव्हे.

उरले स्वस्तातले. त्यासाठी मी कराडहून पुण्याला इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीत गेले. एकच वस्तू, तीन दुकानांत ३५०, ४५० आणि ६०० रुपये. खोक्यावर ना छापील किंमत, ना आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता. कायद्याने दोन्ही छापावे लागतात. वर ठळक '३२ जीबी'. घरी येऊन पाहिले तर आत काहीच साठवण नाही, ३२ जीबीपर्यंतचे मेमरी कार्ड आपण वेगळे घालायचे. मराठीत दिलेल्या फाइलींच्या नावांच्या जागी नुसते चौकोन.

हे सगळे चालवून घेतले असते, पण तो प्लेअर बंद केला की सगळे विसरायचा. मामांचे कीर्तन दीड तासाचे. आईचा पूर्वरंगातच, म्हणजे आख्यानाच्या गोष्टीआधीच्या निरूपणातच, डोळा लागायचा आणि मी तो बंद करायचे. संध्याकाळी लावला की पुन्हा नमनापासून. आठवडाभर तिने पूर्वरंगच ऐकला. "आख्यान लागतच नाही गं," म्हणाली, तेव्हा मला फार लागले.

दुसऱ्या खेपेला मी स्वतःचे कार्ड घेऊन गेले. प्रत्येक दुकानात सांगितले, हे घाला, दहा मिनिटे चालवा, बंद करा, परत लावा. पाचव्या दुकानात होते तिथूनच सुरू होणारा सापडला, ११०० रुपयांना. त्याची बटणे सपाट आहेत, म्हणून चालू करायच्या बटणावर मी खड्याची टिकली चिकटवली. ती बोटाला लागते.

पुढच्या तक्त्यात आपण चार रकाने वाढवावेत ही विनंती: थांबलेली जागा लक्षात राहते का, बटणे डोळे मिटून ओळखता येतात का, कार्ड किमतीत धरले आहे की वेगळे, आणि बॅटरी बदलून मिळते का. शेवटचा रकाना आमच्यासाठी निकडीचा आहे. टिकलीवाल्या प्लेअरची बॅटरी आतच बंद आहे आणि सात तासांवरून आता जेमतेम दोन तासांवर आली आहे.

आपली,
एक वाचक, कराड