खोक्यावरचे पन्नास डेसिबल

प्रिय बाळ्या,

तुझं बजेट तीन हजारांच्या आसपास, रोज डोंबिवली ते सीएसएमटी, ऑफिसात एसीची घरघर आणि शेजारच्या टेबलावरची बडबड, हे सगळं लक्षात घेऊन लिहितोय. तू पाठवलेल्या गोंगाट कमी करणाऱ्या ब्लूटूथ इयरबडच्या चार लिंकांपैकी पहिली, ती १,१९९ रुपयांची, आत्ताच बाद कर. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘ईएनसी’ लिहिलंय, ‘एएनसी’ नाही. एएनसी म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, तुझ्या कानात येणारा बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय. ईएनसी तुझ्या कानासाठी नसतंच. तू फोनवर बोलताना तुझ्या मागचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जावा, एवढंच त्याचं काम. तुझ्या कानात लोकल आहे तेवढीच वाजत राहील. स्वस्त मालात ही अक्षरांची फसगत इतकी सर्रास चालते की खोकं हातात घेतल्यावर आधी हेच वाचायचं.

उरल्या तीन: सीएमएफ बड्स, वनप्लस नॉर्ड बड्स ३ प्रो आणि रिअलमी बड्स एअर ६. तिन्ही २०२४ मध्ये आले. गोंगाट कमी करण्याचे कंपन्यांचे दावे अनुक्रमे ४२, ४९ आणि ५० डेसिबलचे, आणि बाजारात आले तेव्हा किंमत २,४९९, ३,२९९ आणि ३,२९९ रुपये. तुझा कल पन्नासकडे असणार. पण हा आकडा सगळ्या आवाजांना लागू नसतो. ज्या एका पट्टीतल्या आवाजावर यंत्र सगळ्यात चांगलं चालतं, तिथला तो कमाल आकडा. २० डेसिबल म्हणजे आवाजाचा दाब एक दशांशावर आणणं. एवढं जरी घरघरीच्या सगळ्या पट्ट्यात नीट झालं, तरी डोकं शांत होतं.

आत काय चालतं ते एकदा समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. बडच्या बाहेरचा माइक आवाज टिपतो, चिप त्याची बरोबर उलटी लाट तयार करते, स्पीकर ती कानात सोडतो आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन माणसाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. खरी अडचण वेळेची. उलटी लाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकी उशिरा पोचली असं धर. १०० हर्ट्‌झच्या घरघरीचं एक आवर्तन सेकंदाच्या शंभराव्या भागात होतं, त्यात एवढा उशीर म्हणजे एक टक्का. काही बिघडत नाही. पण ५,००० हर्ट्‌झच्या किणकिणाटात तेवढाच उशीर म्हणजे बरोबर अर्धं आवर्तन. मग उलटी लाट सुलट होते आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. म्हणून चिप त्या वरच्या पट्टीत हातच घालत नाही. साधारण हजार हर्ट्‌झच्या वर जे काही अडतं, ते कानात घट्ट बसलेल्या रबरामुळे.

आता तुझी लोकल घे. मोटरची घुमघुम, डब्यातल्या पंख्यांची भुणभुण, रुळांवरचा खोल खडखडाट, हे बऱ्यापैकी गायब होईल. ऑफिसातला एसी तर जवळजवळ पूर्णच. हॉर्न, फेरीवाल्याची आरोळी, शेजारच्या टेबलावरचं बोलणं मात्र फक्त दबेल. आणि डब्यात भजनी मंडळ असेल तर मृदंगाचा घुमारा कमी होईल, टाळ ऐकू येणारच. त्याला पन्नास डेसिबलवालाही काही करू शकत नाही. दारात उभा राहिलास तर वेगळाच ताप: वारा थेट बाहेरच्या माइकवर आदळतो, चिपला तो आवाजच वाटतो आणि कानात फडफड सुरू होते. तेव्हा एएनसी बंद कर, नाहीतर ॲपमध्ये वाऱ्यासाठी वेगळा मोड असेल तर तो लाव. फलाटावर उतरताना आणि रस्ता ओलांडताना बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड, ज्याला ट्रान्स्परन्सी म्हणतात, तो लावायचा. ह्यात आळस नको.

माइकांची संख्याही बघ. चांगल्या एएनसीला प्रत्येक बडमध्ये एक माइक बाहेर आणि एक आत, कानाच्या तोंडाशी, लागतो. आतला माइक उरलेला आवाज ऐकून चूक सुधारतो. याला हायब्रिड म्हणतात. दोन्ही बड मिळून सहा माइक असतील तर बहुधा तीच रचना असते. चार असतील तर ‘हायब्रिड’ हा शब्द स्पष्ट लिहिलाय का ते पाहा, कारण चारही बाहेरच असू शकतात. रबर नसलेले, कानात नुसते टेकणारे बड एएनसीसाठी अजिबात घेऊ नकोस. फटीतून घरघर आत येते आणि तिच्या मागे धावता धावता चिप दमते.

म्हणजे शेवटी सगळं रबरावर येऊन ठेपतं. खोक्यात साधारण तीन मापं असतात आणि मधलं आधीच लावलेलं असतं. बहुतेक लोक तेच जन्मभर वापरतात. तू असं कर: घरी पंखा पाचवर ठेव, गाणं न लावता एएनसी चालू कर आणि बड बोटाने हलकेच आत दाब. दाबल्यावर घरघर आणखी कमी झाली, तर रबर लहान आहे. मग तोंड मिटून ‘हं’ असा आवाज काढ. तो डोक्यात घुमला तर बसलंय नीट. नेहमीसारखाच ऐकू आला तर कुठेतरी फट आहे. दोन्ही कान वेगवेगळे तपास. उजव्याला मधलं आणि डाव्याला मोठं लागणं अगदी सामान्य आहे. पूर्ण शांत खोलीत एएनसी चालू केल्यावर बारीक सुस्कारा ऐकू येईल. तो दोष नाही, स्वस्त माइकांचा आपला स्वतःचा आवाज असतो. पण दोन बडमध्ये तो कमीजास्त असेल, किंवा बड हलवल्यावर शिट्टी येत असेल, तर बदलून घे.

तुझा फोन आयफोन आहे, त्यामुळे रिअलमीच्या जाहिरातीतल्या एलएचडीसीसाठी, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त चांगल्या दर्जाचं गाणं पाठवायच्या पद्धतीसाठी, एक रुपयाही जास्त मोजू नकोस. आयफोन एसबीसी आणि एएसी या दोन साध्या पद्धतींनीच पाठवतो. त्यापेक्षा एकाच वेळी दोन उपकरणांना जोडता येतं का ते बघ. लॅपटॉपवरून फोनवर जाताना रोज खटपट करायची नसेल तर तीच सोय खरी कामाची. आणि लॅपटॉपच्या मीटिंगमध्ये आवाज अचानक जुन्या लँडलाइनसारखा पत्र्याचा झाला, तर बड खराब नाहीत. ब्लूटूथने माइक वापरायला सुरुवात केली की जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते आणि गाण्याचा दर्जा टिकत नाही. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवड, ऐकायला बड ठेव. आवाज पुन्हा भरीव होतो.

बॅटरीचे तास एएनसी बंद ठेवून आणि आवाज निम्म्यावर ठेवून मोजलेले असतात. तुझा जाऊन-येऊन अडीच-तीन तासांचा प्रवास आहे, म्हणून ‘एएनसी चालू असताना एका चार्जमध्ये’ किती तास हे बघ. पाच असले तर पुरे. चार्जिंगच्या डबीसकट चाळीस तास हा आकडा छान दिसतो, पण तू डबी रोज रात्री चार्ज करणारच आहेस.

मला विचारशील तर ४२ वाला घे. आठशे रुपये वाचले तर रबराच्या जागी लावायच्या फोमच्या टिपांची एक जोडी आण. फोम बोटाने चुरगळून कानात घालायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचा. बोलण्याचा आवाज त्याने रबरापेक्षा जास्त दबतो, म्हणजे एएनसी जिथे हात टेकते तिथेच तो उपयोगी पडतो. दोन गोष्टी बघ: टिप जिच्यावर बसते त्या बडच्या नळीचं माप जुळतं का, आणि फोम लावून डबीचं झाकण पूर्ण लागतं का. फोम जाड असला तर बड वर उचलला जातो, चार्जिंगच्या पिना टेकत नाहीत आणि सकाळी एकच बड भरलेला सापडतो. काही महिन्यांनी फोम मऊ पडतो, तेव्हा बदलायचा. पण ४२ वाला तुझ्या कानात बसत नसेल आणि ४९ वाला बसत असेल, तर माझं सगळं विसर आणि बसतो तो घे.

घेताना ‘रिटर्न’ आहे की नुसती ‘रिप्लेसमेंट’ ते वाच. बऱ्याच ठिकाणी बिघाड असेल तरच, तोही सात दिवसांत, तोच माल बदलून मिळतो. कानात बसला नाही हे कारण चालत नाही. छापील ७,९९९ आणि ‘८० टक्के सूट’ असल्या पाट्यांकडे बघूही नकोस.

वापरायला लागल्यावर आठवड्यातून एकदा रबर काढून जाळी कोरड्या मऊ ब्रशने, बडचं तोंड खाली धरून झाड. मळ आतल्या माइकवर बसला की एका बाजूचं एएनसी कमजोर होतं आणि माणूस उगाच सर्व्हिस सेंटरला पळतो. सुई नको, पाणी नको, तोंडाने फुंकणंही नको. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे आणि घाम चालतो, पण ते बडपुरतं. डबीला सहसा ते लागू नसतं. पावसात भिजलेले बड तसेच डबीत टाकलेस तर पिनांवर हिरवट थर चढतो, म्हणून आधी रुमालाने पूस, दहा मिनिटं उघडे ठेव. स्कूटरच्या डिकीत उन्हात डबी विसरू नकोस, बॅटरी लवकर म्हातारी होते. एकच बड वाजायला लागला तर फोनमधून जोडणी ‘विसर’ला लाव, दोन्ही बड डबीत ठेवून झाकण उघडं ठेव आणि माहितीपत्रकात सांगितलंय तसा रीसेट कर. दहातल्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

आवाज साठ टक्क्यांच्या वर न्यायची गरज पडली, तर समज की रबर नीट बसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. एएनसी नसताना लोकलच्या घरघरीवर गाणं चढवायला गेलं की ती कधी ओलांडली जाते ते कळतही नाही.

खोकं आलं की पंख्याखालची चाचणी पहिल्याच दिवशी उरक, सातव्या दिवशी नको. डाव्याला कोणतं माप बसलं तेवढं कळव, फोम त्या मापाचा कुठे मिळतो ते बघून ठेवतो.

तुझाच,
दोस्त