मुलांना ग्रामसभेत बसायला जागा द्या : गोव्याच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री, गोवा सरकार यांस,
सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत मी ३३ वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जून लागला की पाय अजून शाळेच्या वाटेला वळतात. पत्र लिहायला बसले ते एका वाक्यामुळे. 'आजची मुलं उद्याचे राष्ट्रनेते' हे वाक्य ऐकलं नाही असा शाळेचा एकही समारंभ मला आठवत नाही. टाळ्याही पडतात. मला दर वेळी विचारावंसं वाटायचं, की हे नेते घडायचे कुठे आणि कुणाच्या हाताखाली? आज ते तुम्हालाच विचारते.

शाळेतला एक दिवस सांगते. माध्यान्ह आहाराचे पाव त्या दिवशी कमी आले. मुलं बावीस, पाव सोळा. भाजीचा डबा मात्र भरलेला. मी बचत गटाच्या बाईंना फोन लावत होते, तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीनं पाव मोजले. पहिली-दुसरीच्या दहा जणांना तिनं पुढे बसवलं आणि प्रत्येकाच्या ताटात अख्खा पाव ठेवला. उरलेले सहा मधोमध फोडून तिसरी-चौथीच्या बारा जणांना वाटले. स्वतःचा अर्धा सगळ्यांत शेवटी घेतला. कुणी कुरकुर केली नाही, कारण हिशेब सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाला होता. मी विचारलं, "कुणी शिकवलं गो तुला?" ती म्हणाली, "आमगेर चवथीक अशेंच वाडटात. भुरग्यांक पयलीं." म्हणजे आमच्या घरी गणेशचतुर्थीला असंच वाढतात, मुलांना आधी.

चवथीला मूळ घरी चाळीस-पन्नास माणसं जेवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला, लागणारं सुपारीचं शिपटं, तोरिंगं, आंबाडे, कवंडळं कुणी आणायची, कोण कुणाबरोबर रानात जाणार, हे मुलांमध्येच ठरतं. आठ वर्षांच्या मुलावर काम सोपवलेलं असतं आणि ते झालं नाही तर माटोळी अपुरी दिसते. त्या मुलीला नेतृत्वाचा धडा कुणी वाचून दाखवला नव्हता. मोठ्यांच्या कारभारात तिला लहानपणापासून जागा होती, इतकंच. संस्कार म्हणजे सुविचारांचा फळा नव्हे, अशी ही जागा, हे मी इतक्या वर्षांत शिकले.

मोठ्या माणसांची चरित्रं वाचतानाही मी हीच जागा शोधते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी कबीरपंथी. घरात संतांचे अभंग, दोहे म्हटले जात. परळच्या चाळीत एकच खोली. भीमराव आधी झोपायचा, रात्री दोनच्या सुमारास वडील त्याला अभ्यासाला उठवायचे आणि मग त्याच जागेवर स्वतः पडायचे. पुस्तकाला पैसे नसले की लेकींकडे जायचे, उसने मागायचे, वेळ पडली तर त्यांचा दागिना गहाण ठेवायचे. हे वाचते तेव्हा मला त्या बहिणी आठवतात. भावाच्या पुस्तकासाठी अंगावरचा दागिना उतरवून देणाऱ्या त्या बायकांचं नाव कुठल्या व्यासपीठावर घेतलं जात नाही. पण ज्या माणसानं पुढे देशाच्या घटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, त्याच्या घडणीत त्यांचा वाटा होता.

याच मुलाला शाळेत वेगळं बसावं लागे, बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. तीही आपलीच संस्कृती होती. म्हणून कुणी सरसकट 'आपली थोर संस्कृती' म्हणू लागलं की मी थोडी थांबते. घरानं त्याला उभं केलं आणि समाजानं दाराबाहेर ठेवलं. दोन्ही संस्कारच. यातला कुठला आपण पुढच्या पिढीच्या हाती देणार, हे शिक्षणखात्यानं ठरवायचं असतं.

आपल्या गोव्यात येते. चांदर गावानं एका काळात दोन माणसं दिली. लुईस दि मिनेझिस ब्रागांझा यांचा जन्म १८७८ चा, त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचा १८९१ चा. दोघंही सुखवस्तू ख्रिस्ती घरांतले, पोर्तुगीज भाषेत वाढलेले. राज्यकर्त्यांशी जुळवून घेऊन आरामात राहता आलं असतं. मिनेझिस ब्रागांझांनी १९३० साली पणजीच्या विधिमंडळात सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध ठराव मांडला आणि स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. कुन्हा पॅरिसला शिकले, १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. १९४६ मध्ये लष्करी न्यायालयानं त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला धाडलं. १९६१ ची मुक्ती पाहायला ते राहिले नाहीत, १९५८ मध्ये मुंबईत गेले. पुस्तकं आणि वादविवाद यांचा वारसा माणसाला आपल्या वर्गाच्या सोयीपलीकडे नेऊ शकतो, हे या दोघांकडे पाहून मी माझ्या मुलांना सांगत असे. माझ्या वर्गात कुणी चवथ करणारं, कुणी नाताळ करणारं. घरी कोंकणी, देवळातल्या भजनात मराठी, चर्चमध्ये आणखी वेगळं. राष्ट्राचा नेता होण्यासाठी यातलं काही सोडावं लागतं, असं त्यांना कधी वाटू नये म्हणून ही दोन नावं.

आता गावकरीबद्दल, म्हणजे गावानं मिळून जमीन आणि कारभार सांभाळायच्या जुन्या पद्धतीबद्दल, कारण माझं मागणं तिथूनच निघतं. पोर्तुगिजांनी १५२६ मध्ये गावकरीचे रिवाज लिहून काढले, म्हणजे ते त्यांच्या येण्याआधीपासून चालत होते. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध कधी बांधायचा, मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची, दारं कुणी सांभाळायची, शेतांची पावणी, म्हणजे लिलाव, कशी करायची, हे गाव बसून ठरवायचा. भरतीचं खारं पाणी कुणासाठी थांबत नाही. बांध फुटला तर सगळ्यांचंच भात जातं, म्हणून भांडणारेही शेवटी एका निर्णयावर यायचे. कारभार म्हणजे काय हे गोंयकाराला चिखलात उभं राहून कळलं. पण त्या बैठकीत बायका नव्हत्या, आणि शेतात राबणाऱ्या कितीतरी जातींना तोंड उघडायची मुभा नव्हती. माझी आजी त्याच बांधांवर आयुष्यभर लावणीला वाकली, तिला कुणी काही विचारलं नाही. हा दोष झाकून मी गावकरीचे गोडवे गाणार नाही. १९९४ च्या पंचायत राज कायद्यानं तो भरून काढला. आज ग्रामसभेत गावची प्रत्येक मतदार बाई उठून प्रश्न विचारू शकते, सरपंचाला उत्तर द्यावं लागतं.

आणि नेमकं तिथेच मुलं नसतात. ग्रामसभा रविवारी भरते, शाळेला सुट्टी असते, मुलं बाहेर क्रिकेट खेळत असतात.

मुलांना आपण नेता कुठे दाखवतो, तेही सांगते. एका उद्घाटनाला आमची मुलं स्वागताला उभी केली होती. दहाची वेळ, पाहुणे आले सव्वाबाराला. ऊन तापलेलं. दुसरीतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली, तिला मी सावलीत नेऊन पाणी पाजलं. पाहुण्यांनी फीत कापली, मुलांकडे बघून हात हलवला आणि गेले. उशीर झाला याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलं 'मंत्री-मंत्री' खेळत होती. एक जण खुर्चीत, एकानं त्याच्यावर दप्तर छत्रीसारखं धरलेलं, बाकीची सगळी ओळीत उभी. खेळाचा नियम असा, की खुर्चीतला 'या' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. मी खेळ थांबवला खरा, पण काय बोलावं ते मला सुचेना. जे पाहिलं तेच ती खेळत होती.

मंत्रिमहोदय, म्हणून आज माझं मागणं असं आहे. प्राथमिकच्या वरच्या वर्गांपासून बारावीपर्यंतच्या मुलांना आपापल्या गावच्या ग्रामसभेत श्रोते म्हणून बसू द्यावं. मत नको, हट्ट नको, फक्त बसायला जागा. पंचायत खात्याशी बोलून हे परिपत्रकानं होण्यासारखं आहे. सभा झाली की सोमवारी वर्गात तासभर त्यावर बोलणं व्हावं. कुणी काय मागितलं, कुणी नाही म्हटलं, नाही म्हणणाऱ्याचं ऐकून घेतलं का, एवढंच. मोठी माणसं कधी ओरडतील, कधी घसरतील. मुलं बसलेली दिसली की त्यांतली निम्मी तरी आवाज खाली आणतील, असा माझा अनुभवाचा विश्वास आहे.

मंत्री आणि आमदारांच्या कार्यक्रमांना शाळेतली मुलं गर्दी म्हणून आणू नयेत, असा स्पष्ट आदेशही काढा.

पट कमी झाला म्हणून गावची शाळा दुसऱ्या गावच्या शाळेला जोडताना फक्त आकडे पाहू नका. मूल बसनं दुसऱ्या गावी जाऊ लागलं की संध्याकाळी थकून येतं. मग देवळातलं भजन, शिगम्याच्या मेळाची तालीम, उत्सवातल्या नाटकात पडदा ओढायचं काम, हे हळूहळू सुटतं. मांडावर, म्हणजे शिगम्याचा मेळ जमतो त्या पवित्र जागेवर, चप्पल काढून जायचं असतं हे ज्याला कुणी सांगितलंच नाही, त्याला पुढे विधानसभेच्या पायऱ्यांचा आदर कुठून येणार? मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात वाड्यावाड्यांवर शाळा निघाल्या, तेव्हाही पट लहानच होते. माझ्या पहिल्या शाळेत मुलं चौदा होती.

पावांचा हिशेब करणारी ती मुलगी आता मोठी झाली आहे, गावच्या बचत गटाचे हिशेब तीच पाहते. गेल्या ग्रामसभेत नळाच्या पाण्यावर ती बोलायला उभी राहिली आणि सगळी सभा गप्प बसून ऐकत होती. तिची धाकटी मुलगी तिसरीत आहे, आईला शोधत ती सभागृहाच्या दारापर्यंत आली. लहान मुलांचं इथे काम नाही म्हणून तिला परत पाठवलं. तुमचा आदेश निघाला, तर पुढच्या सभेला तिच्यासाठी आणि तिच्या वर्गातल्या मुलांसाठी पुढच्या रांगेसमोर चटई घालायला मी स्वतः येईन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
फोंडा तालुका