चि. ताईस, १४ एप्रिलच्या तारखेबद्दल

धरणगाव

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचं कापसाचं प्रकरण वाचलं. त्यातलं गणित मला झेपलं नाही, पण जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या वह्या लिहिण्यात हयात गेली, त्यामुळे तारखा पाठ आहेत.

केंद्राने १४ एप्रिल २०२२ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. तू त्याआधीचे आणि नंतरचे भाव समोरासमोर ठेवलेस. पण भाव मेपर्यंत चढतच होते, म्हणजे तुझ्या तक्त्यावरून शुल्क काढल्याने भाव वाढतो असं निघेल! अगं, भाव चढले, गिरण्यांनी ओरड केली, म्हणूनच शुल्क निघालं. त्यापेक्षा आपला भाव आणि न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे तिथल्या बाजारात पुढच्या महिन्यांसाठी ठरणारा कापसाचा भाव, यांतलं अंतर धर. शुल्काचा परिणाम झाला असेल तर तो त्या अंतरात दिसेल. तोही उशिरा, माल जहाजाने येतो.

दुसरं, महिन्यांची सरळ सरासरी काढू नकोस, आवकेप्रमाणे काढ. त्या एप्रिल-मेत क्विंटलला दहा हजारांवर भाव होता, पण तोवर बहुतेकांचा कापूस विकून झालेला. पुढच्या हंगामात तोच आकडा डोक्यात धरून लोकांनी घरं कापसाने भरून ठेवली आणि भाव सात-आठ हजारांवर आला.

२०२५ ची आयात शुल्काची सूट १९ ऑगस्टला लागली आणि वाढत वर्षअखेरपर्यंत गेली, ऐन वेचणीत. तिच्यामागे इथली भाववाढ नव्हती, त्यामुळे तुला ती जास्त उपयोगी. फक्त त्याच महिन्यात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, त्याने कापडाची मागणी घटली असेल तर ते वेगळं काढावं लागेल.

रेपो दराचंही, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते त्याचंही तसंच. ४ मे २०२२ ला ४ टक्क्यांचा ४.४० झाला, फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५०. तू लिहितेस, शेतकऱ्याचं कर्ज महागलं. आपल्याकडे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य, त्याला रेपोची झळ कुठून लागणार? झळ लागते जिनिंगवाल्याला. कॅश क्रेडिटचं, म्हणजे माल खरेदीसाठी बँकेकडून उचललेल्या पैशांचं व्याज वाढलं की तो कापसाच्या गाठी धरून ठेवत नाही, खेडा खरेदीत, म्हणजे गावात जाऊन कापूस घेण्यात हात आखडतो. व्याजाचा भावाशी संबंध शोधायचाच असेल तर तिथे शोध.

बाजार समितीच्या आवकेचे आकडे मिळवायला मी सोबत येतो. दिवाळीआधी ये, नंतर तिथे कुणाला बोलायला फुरसत नसते.

तुझा,
आबा