टपावरच्या डब्याविषयी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गाडी आपोआप चालते, मग तुम्ही दिवसभर करता काय, असं बाबा फोनवर विचारत होते. उत्तर लांबतं, म्हणून लिहून पाठवते.

बराचसा वेळ मोजमापातच जातो. टपावर फिरणारा डबा म्हणजे लायडार. तो लेसरचे किरण सोडतो आणि ते परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. शेजारी कॅमेरे. लायडारला अंतर कळतं, रंग कळत नाही, कॅमेऱ्याचं उलटं. दोघांचं जुळवायचं तर कोण कुठे बसलाय आणि कुठे बघतोय हे नेमकं ठाऊक हवं. रोखण्यात एका अंशाची चूक झाली तर ५० मीटरवर तिचे ८७ सेंटीमीटर होतात. माणसावर पडायचे लायडारचे ठिपके (किरण जिथे आपटतो ती जागा) मागच्या भिंतीवर!

त्यासाठी काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा मोठा फळा लागतो. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून भागत नाही. दमट हवेत पुठ्ठा वाकतो, आणि फळा सपाट आहे असं धरून केलेलं सगळं गणित फसतं. जाड, ताठ पत्राच हवा. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बंद. मग फळा जवळ, लांब, कोपऱ्यात, तिरपा असा धरून तीस-चाळीस फोटो. नवखी मुलं तो मधोमधच धरतात. गणितातून निघालेली चौकोनांची जागा आणि फोटोतली जागा यांतली चूक अर्ध्या पिक्सेलच्या (फोटोतल्या बारीक ठिपक्याच्या) आत दिसते, मुलं खूश. फोटोच्या कडांना मात्र भिंगाचा बाक तसाच राहिलेला असतो. त्या आकड्यावर विसंबू नये. लांबच्या विजेच्या खांबावर लायडारचे ठिपके नीट बसतात का, ते पाहावं. आणि टपावरचा एक बोल्ट सैल करून परत आवळला, की सगळं पहिल्यापासून.

जागा जुळली की वेळ. लायडार सेकंदाला १० फेऱ्या मारतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या एका फेरीत जवळपास १.७ मीटर पुढे सरकते, म्हणून वस्तूंचे आकार ताणले जातात. प्रत्येक ठिपक्याची वेळ नोंदून ते सरळ करावे लागतात. घड्याळं जीपीएसच्या दर सेकंदाच्या ठोक्यावर लावायची. कार्ल्सरूहच्या रस्त्यांवर टिपलेल्या ‘किट्टी’ या २०१२च्या, फोटो आणि लायडारच्या नोंदींच्या संचात लायडारचं तोंड समोर आलं, की तोच कॅमेऱ्यांना फोटो काढायला लावायचा. मला ही युक्ती फार आवडते.

फोटोत काय काय आहे, हे गाडीला शिकवायला मात्र माणसांनीच रेघा मारून दाखवायचं. ‘सिटीस्केप्स’ या युरोपातल्या शहरांतल्या रस्त्यांच्या संचातल्या ५,००० फोटोंत एकेकाला दीड तासाहून जास्त लागला. त्यात रिक्षा नाही. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१८ साली हैदराबाद-बंगळुरूकडचे सुमारे १०,००० फोटो दिले, त्यात रिक्षेला स्वतंत्र वर्ग आहे. रस्त्याकडेच्या मातीचाही विचार केलाय, कारण आपल्याकडे गाडी खुशाल मातीत उतरते. तरी बाबा, एसटी स्टँडसमोर ही गाडी सोडायचा विचार सध्या नको.

आई, पावसात खरंच अडतं. थेंबांवरूनच किरण परततात आणि समोर काहीतरी असल्याचा भास होतो. ओला डांबरी रस्ता किरण पुढे परावर्तित करतो, त्यामुळे रस्ताच गायब. तुरळक, एकटे ठिपके गाळले तर थेंब जातात, पण जास्त गाळलं तर लांबची सायकलही जाते. सध्या तेच काम चालू आहे.

बाकी रविवारी फोनवर.

तुमची,
मुग्धा